कामीलच्या मापाची सायकल

१२ मे १९९१, रविवार

कामील येतोय! सकाळी फोन आला. मी चर्चला जायला बूट घालत होतो — एका पायात बूट, एक पाय तसाच, आणि तिकडून त्याचा आवाज. "छोट्या, यंदाच्या जत्रेत म्हाताऱ्यांची फेरी आहे ना तुमच्याकडे? माझं नाव घाल." चाळीस वर्षं ज्यानं विमानात पाय ठेवला नाही, तो असं सांगतोय, जणू पलीकडच्या गल्लीतून येणार आहे.

चर्च बुडालं. बसूनच राहिलो.

चाळीस वर्षांत आम्ही दोघा भावांनी एकमेकांना पाहिलेलं नाही, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण वसंतात शर्यती सुरू झाल्या की त्याला सायकलींचं दुकान सोडता यायचं नाही, आणि उन्हाळ्यात तंबाखू निघाला की मला शेत. आई गेली तीही ऐन तोडणीत. मग नाताळला फोन, अधूनमधून फोटो, आणि दर वर्षी त्याच्याकडून टायरची एक जोडी. एवढ्यावर भागवलं.

म्हणाला, "माझ्यासाठी एक सायकल तयार ठेव. मला आणता येणार नाही. सामान फार आहे." फार तर तीन आठवडे राहील, त्यासाठी कसलं एवढं सामान? विचारायला हवं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं.

१३ मे, सोमवार

एक गोष्ट त्याला फोनवर सांगितली नाही. समोरासमोर सांगणार.

मी परत जातोय, बेल्जियमला. त्याच्याबरोबरच जाईन म्हणतो. जमीन गेल्या वर्षीच दिली. तंबाखूत आता राम राहिला नाही, सगळे जिनसेंगची औषधी मुळं लावतायत. उरलंय हे घर आणि मागची तंबाखू वाळवायची शेड. जमीन घेतलेल्या माणसालाच तीही हवी आहेत. ऑगस्टअखेर हो की नाही सांगा म्हणालाय. हो म्हणायचं, पेटी भरायची आणि आउदेनार्दला, आमच्या गावी, कामीलच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन राहायचं. दोन खाटा, मधे खिडकी, खिडकीतून चर्चमागचा चढ. लहानपणी तिथेच झोपायचो आम्ही. कामीलनं लग्न केलं नाही, त्यामुळे दुसरी खाट रिकामीच असणार.

माझी बायको आलिदा असती तर "डोकं ठिकाणावर आहे का तुझं" म्हणाली असती. पण आलिदा जाऊन तीन वर्षं झाली. आणि माझं डोकं आता या गप्प घरात ठिकाणावर राहत नाही.

१९ मे, रविवार

एकटाच फिरून आलो. इथले कॅनडातले रस्ते म्हणजे फूटपट्टीनं आखलेले. वळण नाही, चढ नाही, वाटेत टेकायला एखादी बिअरची खोली नाही. समोरचं चर्च तासभर दिसत राहतं आणि जवळच येत नाही. वारा मात्र तोंडावरच, जाताना आणि येतानाही. कसा काय, ते चाळीस वर्षांत कळलं नाही.

तिकडचे दगडी रस्ते आठवतात. ढोपरांपासून दातांपर्यंत सगळं खडखडायचं. पावसात दगडांवर पाय टेकवला की घसरलाच. कामील त्यावरून असा जायचा, की हँडलवरचे हात हलायचेच नाहीत. मी मागून त्याची पाठ बघत पायडल मारायचो. त्याच्या पाठीमागे वारा लागत नसे. तेवढी पाठ सोडायची नाही, हे एकच मला समजायचं.

२ जून, रविवार

कामीलच्या सायकलीचं माप ठरलं. फोनवर विचारायची गरजच काय? त्याची सायकल दुकानाच्या भिंतीला टेकलेली असायची आणि मी तिच्या शेजारी उभा राहायचो. सीट बरोब्बर माझ्या सगळ्यात खालच्या बरगडीला लागायची. रोज बघायचो — कधी एकदा माझी कंबर तिथवर पोचते म्हणून. ते माप डोळे मिटूनही सांगेन.

एवढी मोठी फ्रेम या भागात मिळायची कुठे? एकाच माणसाकडे. वीबेकडे.

४ जून, मंगळवार

वीबे म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा, काचघरात रोपं वाढवणारा. हॉलंडचा. चांगला साडेसहा फूट. त्याच्याकडे कॉफी प्यायला जायचं म्हणजे बिस्किटाचा डबा उघडतो, एक बिस्किट तुमच्या हातात येतं आणि झाकण लागतं. तीस वर्षं झाली, दुसरं बिस्किट मी पाहिलेलं नाही.

पण फ्रेम दिली. कोठारात वर टांगलेली होती, तरुणपणची, निळी, कोळिष्टकांनी भरलेली. मी बरगडीपाशी हात धरून माप दाखवलं.

"तुझा भाऊ माणूस आहे की विजेचा खांब?" वीबे म्हणाला.

"आमच्याकडे असेच असतात."

"मग तू कुठला?"

 फ्रेम खांद्यावर टाकून निघालो. मागून ओरडला, की फुकट देत नाहीये, जत्रेत बिअर पाजायची. हॉलंडवाले!

९ जून, रविवार

तळघर आवरलं. एका बाजूला मातीच्या पेट्या, हिवाळ्यात अंधारात वाढवायच्या पांढऱ्या कडवट भाजीसाठी. दुसऱ्या बाजूला कामीलचे टायर. हे शिवलेले टायर, आत ट्यूब घालून शिवून टाकलेले आणि डिंकानं रिमला चिकटवायचे. ते आले आले की वापरायचे नसतात. जुन्या रिमवर ताणून काळोखात टांगून ठेवायचे. रबर हळूहळू मुरतं, घट्ट होतं, मग दगड-काच सहज आत घुसत नाही. कॅनडातल्या लोकांना हे सांगितलं की आधी टायरकडे बघतात आणि मग माझ्याकडे. वीबेनं एकदा विचारलं होतं, "खायचे कधी?"

सगळ्यात जुनी जोडी काढली. कामीलला त्याचेच टायर लावणार.

१० जून, सोमवार

डिंकाचा वास हाताला. साबणानं जात नाही. नको जायला.

२४ जून, सोमवार

हब उघडले. छर्रे नवे टाकले, ग्रीस भरलं. हात कामात असले की डोकं मागे जातं.

आलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. काकाचं तंबाखूचं शेत. बोटीतून एक पेटी आणि लाल सायकल. लाल म्हणजे कामीलनं माझ्या मापानं बनवलेली, एकेक सांधा स्वतः जोडलेला. पहिल्या रविवारी मी तिच्यावरून गावात गेलो. दुकानदारानं काकाला हळूच विचारलं, पोराचं लायसन्स जप्त झालं का? दारू पिऊन गाडी ठोकली का? इथे मोठा माणूस सायकलवर दिसला की एवढंच कारण असायचं. काका आठवडाभर हसत होता.

मग पायांची गोष्ट. आम्ही शर्यतवाले पाय भादरतो. पडलो तर जखम साफ करायला सोपं. तोडणीला सगळे मजूर माझ्या गुळगुळीत पायांना शिट्ट्या मारायचे. पण तंबाखूचा काळा चिकटा केसांत अडकतो, आणि संध्याकाळी ते बसायचे रॉकेलनं पाय घासत, माझे पाय दोन मिनिटांत साफ! पुढच्या वर्षी दोघांनी गुपचूप वस्तरा मागितला.

बेल्जियन क्लबाची पहिली जत्रेची शर्यत मी लालवरच पळालो. आलिदा कोपऱ्यावर पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तोवर तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. बाटली घेताना हात सुटला आणि सगळं पाणी तिच्या झग्यावर. शर्यतीनंतर फुलांचा गुच्छ मिळाला तो सरळ तिच्या हातात दिला. दुसरं काय करणार?

दोन वर्षांत लाल छोटी पडली. मी वाढत गेलो. इथलं दूध, इथलं मांस. गुडघे हँडलला लागायला लागले तशी तिला शेडच्या तुळईला टांगली. आजही आहे तिथेच. कामील दर नाताळला विचारतो, "लाल आहे ना?" मी म्हणतो, आहे.

७ जुलै, रविवार

हिल्डाचा कॅल्गरीहून फोन. घर विकतोय म्हटलं. मग म्हणाली, "पप्पा, तिथे तुझं आता कोण आहे?"

"कामील आहे."

"आणि इथे?"

मी हवापाण्याचं बोलायला लागलो. पोरगी चांगली आहे, पण माझ्या लेखी कॅल्गरी आउदेनार्दइतकीच लांब पडते. 

२० जुलै, शनिवार

घर घेणारा येऊन गेला. तरुण आहे, बोलायला गोड. शेडभोवती चक्कर मारली, भिंतीवर टकटक केली. म्हणाला की घर ठेवू, पण ही पाडून टाकू, जागा मोकळी होईल. मी मान हलवली. नंतर उगाचच आत जाऊन बसलो. तंबाखूचा वास अजून लाकडात आहे. बाकावर माझी हत्यारं, तुळईला लाल.

वाईट वाटलं. पण जायचंच आहे तर शेडचं काय घेऊन बसायचं.

२८ जुलै, रविवार

चाकांचा आऊट काढला. स्पोकची एक एक चावी अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानं. रिम आता पाण्यासारखी सरळ फिरते. हँडलला नवी पट्टी. चिमट्यावर थोडा गंज होता, घासून काढला. सीट चामड्याची, माझीच जुनी, बसून बसून मऊ केलेली. शेजारी उभं राहून खालच्या बरगडीशी सीटची उंची लावली. बरोब्बर!

वीबे बघायला आला. सायकलीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ओमेर, ही मलासुद्धा बरोबर होईल."

मला वाटलं, हेवा वाटतोय.

३ ऑगस्ट, शनिवार

आला.

टोरांटोच्या विमानतळावर दार उघडलं की मी उंच माणसं बघत होतो. एकेक उंच माणूस येई, निघून जाई. मग खालून कुणीतरी बाही ओढली.

"छोट्या?"

मान खाली घालून बघितलं. टोपी, पांढऱ्या भुवया, आणि तेच नाक. कामील! पाठीला बाक आलेला — जन्मभर वाकून लोखंडावर कानस चालवली ना. कमरेचं हाड बदललंय, ते फोनवर सांगितलंच नव्हतं. माझ्या खांद्याशी आला. तोही मला वर मान करून बघत राहिला. मिठी मारली तर त्याची टोपी पडली. मी चक्क रडलो, लोकांत.

बरोबर एक लोखंडी ट्रंक. मी आणि हमाल दोघांनी मिळून कशीबशी गाडीत चढवली. "यात काय दगडी रस्ता भरून आणलास?" म्हटलं. म्हणाला, "हळू ठेव."

४ ऑगस्ट, रविवार

हसावं की रडावं कळत नाही.

सकाळी निळी बाहेर काढली, फडकं मारलं, झाकायला टाकलेली चादर समारंभानं ओढली. कामीलनं आधी चाकं फिरवून बघितली. मान डोलावली — कामीलची मान डोलावणं म्हणजे फार झालं. मग सायकलीशेजारी उभा राहिला. सीट त्याच्या छातीला लागली.

"छोट्या, ही कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. तुझी सीट माझ्या बरगडीला लागायची, त्या मापानं."

माझ्या बरगडीकडे बघितलं. मग सीटकडे. मग पुन्हा बरगडीकडे. आणि हसायला लागला, असा की सायकलीलाच धरून उभा राहिला. "अरे गाढवा, तुझी बरगडी सोळा वर्षांची होती ती! तेव्हापासून कुठे पोचली बघ!"

कपाळावर हात मारला. लाल छोटी पडली हे मला ठाऊक, मी वाढलो म्हणून पडली हेही ठाऊक. पण माझ्याबरोबर बरगडीही वर गेली, हे डोक्यात आलंच नाही. आणि कामील खाली आला असेल, हे तर नाहीच नाही. तिकडचं सगळं मी सोडून आलो तसंच ठेवलं होतं.

हसून झाल्यावर तो शेडमध्ये गेला. तुळईकडे बघत म्हणाला, "ती खाली काढ."

६ ऑगस्ट, मंगळवार

लाल कामीलला बरोबर झाली. सीट थोडी खालीच घ्यावी लागली! सोळा वर्षांच्या पोरासाठी त्यानं बनवलेली सायकल अडुसष्टाव्या वर्षी त्याच्याच मापाची. सांध्यांवरून अंगठा फिरवत होता. "हा एक जरा वाकडा जोडला होता मी. चाळीस वर्षं खटकतोय." मला तर कधी दिसला नाही.

मुरलेले टायर निळीवरून काढून लालला चढवले.

निळी वीबेला परत दिली. तो जत्रेत येणार म्हणतो. बेल्जियमच्या फ्लेमिश लोकांच्या शर्यतीत हॉलंडवाला! क्लबात काय काय ऐकून घ्यावं लागणार आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

रोज सांगायचं ठरवतो आणि रोज राहतं. मी आउदेनार्दचा विषय काढला की कामील बिअर ओततो. चढाचं विचारलं. "डांबर टाकलं."  दुकानासमोरच्या बेकरीचं विचारलं, ती भाताची गोड टार्ट अजून करतात का? "बंद." मग हाच मला विचारतो. हिवाळ्यात शेड किती थंड होते? छत गळतं का? तंबाखू वाळवायच्या भट्टीची वीज तोडली का अजून आहे? आहे म्हटलं. याला काय करायचीय माझ्या शेडची वीज? घर घेणाऱ्यानंसुद्धा एवढं विचारलं नाही.

ट्रंक अजून बंदच. मी उचलायला गेलो तर "राहू दे" म्हणाला.

१८ ऑगस्ट, रविवार

जत्रा. क्लबाच्या अंगणात बिअरमध्ये शिजवलेल्या मटणाचा वास, शर्यतीची कबुतरं पाळणारे त्यांच्या टोपल्यांसकट, धनुष्यबाणवाले कोपऱ्यात भांडतायत. कामीलला सगळ्यांनी घेरलं. कुणाच्या बापाची सायकल त्यानं बनवलेली, कुणाच्या काकाची. एक बाई तर त्याचा हात धरून रडायला लागली, तिच्या गावचा उच्चार ऐकला म्हणून. मीही तोच उच्चार करतो, पण माझ्यासाठी कुणी रडत नाही.

म्हाताऱ्यांची फेरी चार वाजता. वीबे निळीवर, सगळ्यांच्या डोक्यांवरून. कुणीतरी ओरडलं, "चर्चचा मनोरा निघाला!" तो मजेत हात हलवत राहिला. बिअर मात्र आठवणीनं वसूल केली.

तंबाखूच्या रस्त्याला लागलो आणि वारा आला, समोरून, नेहमीसारखा. बाकीचे पुढे गेले. कामीलचा श्वास ऐकू येत होता. मी काही न बोलता पुढे झालो. थोड्या वेळानं मागून आवाज, "छोट्या, जरा हळू."

हळू घेतलं. मागे वळून बघितलं नाही. लालची चेन माझ्या मागच्या चाकाजवळ कुरकुरत येत होती आणि तेवढ्यावर मी जात राहिलो. लहानपणी सदा त्याच्या पाठीमागे असायचो. आज त्याला वारा लागू दिला नाही. एवढा आनंद मला पहिल्या गुच्छानंही झाला नव्हता.

शेवटून पहिले आलो, दोघं एकदम. क्लबात शेवटच्यालाही गुच्छ देतात. दोघांत एक. कामीलनं विचारलं, आलिदा कुठे आहे? दोघं दफनभूमीत गेलो आणि फुलं तिला देऊन आलो.

२० ऑगस्ट, मंगळवार

उद्या सांगणार. परवा घर घेणारा उत्तराला येतोय. खोलीचं, दुसऱ्या खाटेचं, सगळं सांगणार. कामील नाही म्हणणार नाही. म्हणाला तर? नाही म्हणणार.

२१ ऑगस्ट, बुधवार

सांगितलं. कामीलनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कुठली खोली, छोट्या? घर मार्चमध्येच विकलं. माझं तिकीट एका बाजूचं आहे. तुला कसं विचारावं कळेना." आणि ट्रंक उघडली. कपडे चार. बाकी सगळी हत्यारं — कानशी, सांधे जोडायची जाळाची नळी, फ्रेम धरायची चौकट, तेलकट फडक्यांत एकेक गुंडाळलेलं.

घर घेणाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. दुपारभर शेडमधलं बाक त्याच्या हत्यारांसाठी रिकामं केलं. त्याला ते उंच पडतंय, बाकाचे पाय कापावे लागतील. या वेळी माप त्याला उभं करून घेतलं.